कात्रीची कसोटी

नमस्कार. आधीच्या वक्त्यांनी बारा मिनिटं जास्त घेतली आणि ती माझ्या वाट्यातून कापली जाणार, हे अध्यक्षांच्या चेहऱ्यावर दिसतंय. हरकत नाही, आजचा विषयच कापाकापीचा आहे. निमंत्रणपत्रिकेत छापलंय, 'सिनेमासिकाचं मुखपृष्ठ : रचना आणि विश्लेषण'. यातला विश्लेषण हा शब्द माझा नाही. मी तीस वर्षं पोटासाठी कव्हरं केली. तेवढ्या काळात माझ्या टेबलाशी येऊन कुणी विश्लेषण मागितलं नाही. 'नाव मोठं करा' एवढंच मागितलं.

हल्ली मुलांना शिकवतात ते मला माहीत आहे. मास्टहेड, म्हणजे मासिकाचं नाव, वर, नटाची नजर थेट वाचकावर, मथळे डाव्या बाजूला, बारकोड खाली कोपऱ्यात. चूक नाही काही. मथळे डावीकडे का, तर रॅकवर अंक एकाआड एक सरकवून लावले की डावी पट्टीच तेवढी बाहेर राहते. आपला स्टेशनबाहेरचा पेपरवाला मात्र अंक दोरीला चिमट्यानं टांगतो, आणि चिमटा नेमका मासिकाच्या नावावर. (हशा) ज्या अक्षरांसाठी संपादकाशी आठवडाभर भांडलो, त्यातली दोन चिमट्याखाली! तरी गिऱ्हाईक बरोबर तोच अंक मागतं. कशावरून ओळखतं? तिथेच येतोय, पण वाचनालयातून.

आमच्या गल्लीत एक फिरतं वाचनालय होतं. फिरतं म्हणजे पुस्तकं फिरायची, काका जागेवर. माझी आत्या महिन्याची वर्गणी भरायची आणि अंक आणायला मला पिटाळायची. तिला सिनेमाची मासिकं हवी असत, पण घरी सांगायचं 'पाककृतीचं आणलंय'. काका नवा अंक आला की आधी दाभणानं शिवायचे, मग जांभळ्या शाईचा गोल शिक्का उचलायचे आणि खण्णकन हिरॉइनच्या गालावर. प्रत्येक अंकावर, गालावरच. मला ते सहन व्हायचं नाही. तेव्हाही थोडंफार चित्र काढायचो मी. एकदा धीर करून विचारलं, 'काका, कोपऱ्यात का नाही मारत?'

काकांनी चष्मा वर केला आणि खालच्या फळीवरून एक जुना अंक काढून पुढ्यात टाकला. त्याच्या कोपऱ्यात शिक्का अगदी व्यवस्थित होता. मधे चेहऱ्याच्या जागी खिडकी. कुणीतरी ब्लेडनं नटीचा चेहरा गोल कापून नेला होता, आणि त्या भोकातून आतल्या पानावरच्या जाहिरातीतला मिशीवाला गृहस्थ दात काढून बघत होता. दागिने, पदर, केसातला गजरा सगळं नटीचं, आणि मधे हा मिशीवाला. (हशा) काका म्हणाले, 'कोपऱ्यातला शिक्का लोक मला परत आणून देतात रे. बाई ठेवून घेतात.'

मुखपृष्ठावरचं इतकं नेमकं वाक्य मी पुढे कुठल्याही वर्गात ऐकलं नाही. वाचकाला काय हवंय ते कात्री सांगते, आणि मालकाला काय वाचवायचंय ते शिक्का. पुढे पहिली नोकरी लागली तेव्हा मी हे संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे आपणही गालावर काहीतरी छापायला हवं.' आणि छापलं! एका गुणी नटीच्या हनुवटीवर पिवळ्या अक्षरांत तिच्याच भांडणाची बातमी. शिवाय मशीनवर रजिस्टर, म्हणजे एकावर एक छापायच्या रंगांची जुळणी, सरकलं, लाल रंग चार सूत डावीकडे गेला आणि ओठ गालावर उमटले. अंक खपला. मला वाटतं मशीनच्या चुकीमुळे खपला, पण श्रेय हनुवटीवरच्या मथळ्याला मिळालं आणि पुढची कित्येक वर्षं मी हनुवट्या शोधत राहिलो.

तर माझी कसोटी अशी. मुखपृष्ठ समोर ठेवा, मनातल्या मनात चेहरा कापून काढा. चेहऱ्याचं काय होतं आणि उरलेल्या कागदाचं काय होतं, एवढंच बघायचं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आणलेल्या चौदा कव्हरांपैकी चारच दाखवतो.

पहिलं 'फिल्मइंडिया'चं. बाबूराव पटेलांनी 1935 साली मुंबईत सुरू केलेलं इंग्रजी मासिक. आत त्यांची लेखणी चाबकासारखी, भलेभले निर्माते टरकून असत. बाहेर मात्र गुलबर्ग्याच्या एस. एम. पंडितांनी रंगवलेल्या नट्या, तुकतुकीत, जणू आत्ताच अभ्यंगस्नान करून आलेल्या. आतला चाबूक बाहेर कुठेही दिसत नाही. चित्रावर मजकुराची गर्दी नाही. कापलंत की थेट भिंतीवर, कॅलेंडरशेजारी. आपल्याला हे ओळखीचं वाटतं, कारण चित्रकार दीनानाथ दलालांच्या 'दीपावली' अंकानं महाराष्ट्राला मुखपृष्ठ म्हणजे चित्र असंच बघायला शिकवलं. दलालांवर बोलायला लागलो तर इथेच रात्र होईल. पुढे जाऊ.

दुसरं 'फिल्मफेअर'. 7 मार्च 1952 चा पहिला अंक, कव्हरवर कामिनी कौशल. टाइम्सचं पाक्षिक. आता रंगवलेल्या बाईच्या जागी फोटोतली बाई आली, पण घरंदाजपणा तोच. जाता जाता, त्यांच्या पुरस्काराची ती काळी बाहुली शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी घडवली. फोर्टातल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवरचे ते उंच पुतळे ज्यांचे, तेच पानसरे. पुढच्या वेळी तिथून जाताना मान वर करा. असो. कात्रीपुढे हे कव्हरही पहिल्यासारखंच: चेहरा सुटून येतो आणि मागे नाव, तारीख, किंमत उरते.

तिसऱ्यावर खरं तर अर्धा तास बोलणार होतो. ऑक्टोबर 1971, 'स्टारडस्ट'चा पहिला अंक. काढणारे नारी हिरा जाहिरातीच्या धंद्यातले, संपादक शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे. कव्हरवर राजेश खन्ना. 'आराधना'ला दोन वर्षं झालेली, देश वेडा झालेला. आणि सोबत प्रश्न, की याचं लग्न झालंय का? इथे कात्री अडते. राजेश खन्नाचा फोटो तेव्हा रद्दीतही मिळायचा. पैसे त्या प्रश्नचिन्हाचे होते. चेहरा कापून नेलात तरी प्रश्न कागदावर राहतो, आणि उत्तरासाठी अंक घ्यावाच लागतो. प्रश्न विचारण्यात आणखी एक सोय असते, उत्तर 'नाही' निघालं तरी पैसे परत द्यावे लागत नाहीत. (हशा) काकांचा शिक्का आता छापखान्यातूनच उमटून यायला लागला. माझ्या संपादकांची ती हनुवटी याच घराण्यातली.

चौथं आपल्याकडचं नाही. 'काइए द्यु सिनेमा' हे सिनेमाचं फ्रेंच मासिक, पॅरिस, एप्रिल 1951. पहिल्या अंकावर 'सनसेट बुलेव्हार्ड' या सिनेमातली नटी ग्लोरिया स्वॉनसन, काळी-पांढरी, आणि भोवती पिवळा कागद. कापून न्या तिला, खुशाल न्या. खिडकी पडलेला पिवळा कागद उरला तरी लांबून कळतं कुठलं मासिक ते. 1964 पर्यंत त्यांनी तो पिवळा सोडला नाही. चिमट्याखाली नाव गेलं तरी गिऱ्हाईक अंक कसा ओळखतं, ते हे असं. रंगावरून, आणि चेहऱ्याभोवती किती जागा सोडली आहे त्यावरून. आम्ही मात्र दर अंकाला रंग बदलायचो, कारण संपादकांच्या सौभाग्यवतींना मागचा आवडलेला नसायचा.

दुसरी चिठ्ठी आली. हिच्यावर नुसतं 'चहा' लिहिलंय. बारकोडबद्दल बोलायचं राहिलं, त्यावर माझा वेगळा राग आहे. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी 'फिल्मइंडिया'चे बांधीव अंक आणलेत आणि मघापासून ते पोटाशी धरून बसलेत. त्यांनी निश्चिंत असावं, कात्री मी आज घरी ठेवून आलोय.