विधेयक मांडण्याआधी सरपंचाला विचारा

नमस्कार. समोर सरपंच बसले आहेत, माजी नगरसेवक आहेत, जिल्हा परिषदेत उमेदीची वर्षं घातलेली माणसं आहेत. तेव्हा स्थानिक स्वराज्य संस्था म्हणजे काय, इथून मी सुरुवात करत नाही. तुमच्याविषयीचा कायदा करताना राज्याने तुम्हाला विचारलं पाहिजे, आणि हे विचारणं कुणाच्या मर्जीवर न राहता नियमाने बंधनकारक असलं पाहिजे, एवढंच मला आज मांडायचं आहे.

प्रभागांचंच घ्या. २०१६ साली महापालिकांसाठी चार सदस्यांचा प्रभाग ठरला. २०१९ च्या अखेरीस ठरलं, एका प्रभागात एकच सदस्य. २०२१ मध्ये तीन झाले, २०२२ मध्ये पुन्हा चार. सरपंचाचंही तेच. २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये परत जनतेतून. यातली कोणती पद्धत बरी, यावर या सभागृहातच दोन तट पडतील. माझं मत विचाराल तर, सरपंच एका गटाचा आणि पंचायतीत बहुमत दुसऱ्याचं, अशा गावात साध्या नालीचं कामही वर्षभर अडतं. पण तो वाद आज बाजूला ठेवू. मुंबईत सरकार बदललं की गावाची निवडणूक पद्धत बदलते, आणि राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींचं म्हणणं विधेयकाला जोडायची सक्ती कुठेच नाही, हे मला खटकतं.

पैशाच्या बाबतीत तर परिणाम आणखी खोल गेले. आपल्या नागपूर महापालिकेचं हक्काचं उत्पन्न होतं जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि महापालिकांना भरपाई देण्यासाठी राज्याने वेगळा कायदा केला. जकातीत दोष होते, नाक्यांवर काय चालायचं ते नागपूरकरांनी पाहिलंय. तरी स्वतः गोळा केलेला कर आणि मंत्रालयातून येणारं अनुदान यांत फरक आहेच. शहराच्या तिजोरीचं मूळ स्वरूप बदलत असताना शहराने निवडलेल्या सभागृहाचं मत लेखी घेणं हा उपचार नव्हता, ती गरज होती.

कुणी म्हणेल, यासाठी विधान परिषद आहे की! बरोबर आहे, घटनाकारांच्या डोळ्यांपुढे हेच होतं. अनुच्छेद १७१ प्रमाणे परिषदेतले जवळपास एक तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांनी निवडायचे. महाराष्ट्रात ७८ पैकी २२ जागा त्यांच्या आहेत. पण मतदार कोण? नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समितीचे सभापती. ग्रामपंचायत सदस्याला मत नाही. शेजारच्या कर्नाटकात आहे! कोणत्या संस्थांना मताधिकार द्यायचा हे संसद कायद्याने ठरवते, म्हणजे घटनेला हात न लावता हे बदलता येतं. इतक्या वर्षांत ही मागणी जोरात का झाली नाही, याचं उत्तर आपणच द्यायचं आहे.

आणि जे मतदार आहेत त्यांच्याही हाती काय राहिलं? डिसेंबर २०२१ मध्ये विधान परिषदेतल्या नागपूरच्या जागेसाठी मतदान झालं, मतदार साडेपाचशेच्या आसपास. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. त्या जागेवर निवडून आलेले सदस्य नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेत गेले, जागा रिकामी झाली. तेव्हा ती भरायला शहरात नगरसेवकच नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये जिल्हा परिषदेचीही मुदत संपली. घटना सांगते, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. ती झाली नाही, म्हणून स्थानिक संस्था गप्प झाल्या. आणि त्यांच्या वतीने विधान परिषदेत बोलणारा माणूसही राहिला नाही. एकाच चुकीने दोन्ही दारं बंद झाली. एरवीही पक्षाचा व्हिप निघाला की हा सदस्य पक्षाचाच असतो. त्याला निवडून देणारी जिल्हा परिषद त्याला कसं मत दे, हे सांगू शकत नाही.

जिल्हा नियोजन समितीबद्दल एकच वाक्य. तिचे बहुसंख्य सदस्य निवडून आलेले असले तरी अध्यक्ष पालकमंत्री असतात, आणि कायदे करणं हे तिचं काम नव्हे.

इतरत्र याला उपाय शोधलेत. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेतलं कलम १५४ असं सांगतं, की स्थानिक शासनाचा दर्जा, अधिकार किंवा कामं यांना हात लावणारं विधेयक सभागृहात येण्याआधी प्रसिद्ध करा, आणि नगरपालिकांना व त्यांच्या संघटनेला म्हणणं मांडायची संधी मिळेल अशा रीतीने करा. त्यांच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रांतांच्या राष्ट्रीय सभागृहात, स्थानिक शासनाचे दहापर्यंत प्रतिनिधी बसतात. मत देत नाहीत, पण बोलतात. जर्मनीत बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याच्या घटनेत अशीच तरतूद आहे. गावांशी संबंधित कायदा करण्याआधी गावांचं किंवा त्यांच्या संघटनांचं वेळेत ऐकायचं.

आपल्याला तेवढं लांब जायचीही गरज नाही. अनुच्छेद २०८ प्रमाणे विधिमंडळाची सभागृहं आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करतात. घटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या पंचायतींच्या २९ आणि बाराव्या अनुसूचीतल्या नगरपालिकांच्या १८ विषयांवरचं विधेयक असेल, तर मसुदा आधी जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींकडे जावा. उत्तराला किमान ३० दिवस मिळावेत, आणि आलेल्या उत्तरांचा गोषवारा विधेयकासोबत आमदारांच्या बाकावर ठेवला जावा. सरकारने ते मानलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. का मानलं नाही, ते सभागृहात सांगावं लागेल, एवढं पुरे. अध्यादेश काढलाच, तर त्याच्या जागी विधेयक येईपर्यंत तरी ही उत्तरं मागवता येतात.

यातली एक कच्ची बाजू सांगतो. कामकाजाचा नियम मोडला म्हणून न्यायालय सहसा कायदा रद्द करत नाही, अनुच्छेद २१२ आडवा येतो. त्यामुळे नियमाची राखण सभागृहातच करावी लागेल, आणि त्यासाठी गावागावांतून आमदारावर नजर हवी. हिवाळी अधिवेशनात दरवर्षी अंगणवाडी सेविकांचे, संगणक परिचालकांचे मोर्चे टेकडी रोडपर्यंत येतात आणि तिथेच अडवले जातात. सरपंचांनी यंदा मोर्चासोबत ग्रामसभांचे ठराव आणावेत, याच एका मागणीचे. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे, प्रती बाहेरच्या टेबलावर आहेत. आपल्या गावाला लागू पडेल तशी त्यात दुरुस्ती करून घ्या.