मागं कोण राहतंय?

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा झाला की आमच्या गावात ऊसतोडीला नेणारे ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी चढते, ज्वारीचं पोतं चढतं, कोपीसाठी, म्हणजे फडाजवळच्या झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्री चढते, आणि या सगळ्याच्या वर मुलं बसतात. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरावरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. सुरुवातीची काही वर्षं शाळेच्या दारात उभी राहून मी माझा अर्धाअधिक वर्ग असा जाताना पाहिला. मुलं वरून हात हलवायची, "बाई, येतो" म्हणायची. येणार कधी, तर साखर कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. तोपर्यंत पुस्तकाची निम्म्याहून जास्त पानं उलटून गेलेली असत.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऊसतोडीत मजूर माणशी मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पाऊस सुरू असताना, हाताला काम नसताना मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते. कुणी ती लेकीच्या लग्नाला घेतो, कुणी दवाखान्याला. ती फेडायला कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगावकडं जावंच लागतं. पहाटे अंधारात फडात उतरायचं, ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. अशा वेळी कोपीत तान्हं मूल कुणी सांभाळायचं? दहा वर्षांच्या मोठ्या बहिणीनं. हा प्रश्न त्या आईबापांनी हौसेनं असा सोडवलेला नाही, एवढं आधी लक्षात घ्या.

2009 साली शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि 2010 पासून लागू झाला. हंगामी वसतिगृहाची सोय मिळाली. मूल गावातच राहील, दोन वेळचं जेवण शाळा व्यवस्थापन समिती करील, रात्री ते आपल्या नातेवाइकांकडं झोपेल. योजना चांगलीच आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं कितीतरी मुलं शाळेत राखली. पण "रात्री नातेवाइकांकडं" हे शब्द लिहायला जेवढे सोपे आहेत, तेवढे निभवायला नाहीत.

तिसरीतला एक मुलगा होता. त्याच्या बापाला मी तीन संध्याकाळी घरी जाऊन समजावलं. मूल ठेवून ते गेले, मला फार बरं वाटलं. पंधरा दिवसांनी मुलगा वर्गात दिसेना. घरी गेले तर आजी एकटी चुलीपुढं बसलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रविवारी शाळेतलं जेवण बंद, म्हणून पोरगं स्वतःच भाकरी करायला बसलं आणि तव्यावर हात भाजून घेतला. आजीनं निरोप धाडला, बाप रात्रीच्या गाडीनं येऊन त्याला घेऊन गेला. आजी मला म्हणाली, "बाई, पोरगं ठिवलं असतं वं, पर मलाच दिसंना, तर त्याला काय बघू?"

मी त्या मुलासाठी वही, दप्तर, स्वेटर, सगळं गोळा केलं होतं. आजीकडं मात्र मी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या वर्षीपासून घरोघर जाताना माझा पहिला प्रश्न बदलला. मूल कितवीत आहे, हे आधी विचारायचं सोडलं. मागं कोण राहतंय, हे विचारायला लागले. आजी आहे? तिला दिसतं का? बीपीची गोळी कोण आणून देतं? सरपण आहे का? आजोबा दमेकरी असतील तर रात्री त्यांच्यापाशी कोण? मग गावात मागं राहिलेल्या लोकांनी एकेक गोष्ट उचलली. गिरणीवाल्यानं त्या घरांचं दळण फुकट करून दिलं. किराणा दुकानदारानं पैसे यायला उशीर झाला तरी शाळेचं सामान बंद केलं नाही. ज्यांची शेतं बागायती होती आणि ज्यांना तोडीला जावं लागत नव्हतं, त्या घरांनी रविवार वाटून घेतले. ज्या मुलाचा रविवार ज्या घरी, तिथं तो घरच्या पोरांच्या पंगतीला बसायचा. उरलंसुरलं वाढायचं नाही, हे बायकांनी आपसांत ठरवलं होतं. आणि त्या आजीला आम्ही बैलगाडीनं नेऊन, तिथून पुढं एसटीनं, मोतीबिंदूच्या शिबिराला घेऊन गेलो. त्या हंगामात तिचा नातू तिच्याजवळ राहिला.

यात नवं काही नाही. आमची आजी सांगायची, पूर्वी बायका रोज दळायच्या आधी एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकायच्या. त्याला मुष्टिफंड म्हणत, आणि गोरगरिबांच्या बोर्डिंगातल्या मुलांची ताटं त्यावर भरत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं, पुढं 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही राखलं नाही. मला त्यांच्याइतकीच ती रोजची मूठ मोठी वाटते. कारण मुलाला भूक रोज लागते.

शहरातून आमच्याकडं गाड्या येतात, मी त्यांचे आभारच मानते. पण बहुतेक गाड्या दिवाळीच्या सुमारास येतात, मुलांना ओळीत उभं करून फराळाचे पुडे देतात, फोटो काढतात. एकदा पाचवीतली एक मुलगी फोटोच्या वेळी माझ्यामागं लपली. मी तिला पुढं ढकललं नाही. तेव्हापासून फोटो काढू नका, असं मी पाहुण्यांना हात जोडून सांगते. पौषात डोंगरावर थंडी कडाक्याची पडते, फेब्रुवारीत ज्वारी संपत येते, आणि तेव्हा कुणी येत नाही. तुम्हाला काही द्यायचं असेल तर फेब्रुवारीत द्या. आजीचा चष्मा द्या, गॅसची टाकी भरून द्या, संडासापाशी दिवा लावून द्या.

संडासापाशी दिवा का, तर मुलींसाठी. बारा-तेरा वर्षांची मुलगी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायला आईचा जीव धजत नाही. बरोबर न्यावी तर फडात शाळा नाही, उघड्यावर कोपी. या दोन्ही भीतींतून काही घरं तिचं लग्नच उरकून टाकतात. अठराच्या आत ते कायद्यानं गुन्हा आहे, हे आईबापांनाही ठाऊक असतं. असं लग्न ठरतंय असं कानावर आलं तर 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरवर कळवा. पण त्याच्या कितीतरी आधी, ती मुलगी रात्री निर्धास्त झोपेल अशी एक खोली आणि तिच्या सोबतीला एक बाई गावात मिळाली, तर आई तिला ठेवून जाते. आमच्या गावात एका विधवा मावशींनी आपली पडवी दिली. सहा मुली तिथं झोपायच्या. त्यांतली एक आता परिचारिकेचं शिक्षण घेते आहे.

रविवारी संध्याकाळी आम्ही शाळेतून फोन लावून देत असू. कोपीवरच्या आईचा आवाज यायचा, मागं ट्रॅक्टरची घरघर. ती विचारायची, "जेवलास का? कुणाकडं जेवलास? काय व्हतं?" आणि मूल अगदी तपशिलात सांगायचं, पिठलं होतं, वरून तेल घेतलं, दोनदा वाढलं. पलीकडं आई गप्प व्हायची. मग म्हणायची, "फोन बाईकडं दे." मी फोन घेतला की तिला बोलता यायचं नाही.

यंदाही मुकादमांच्या फेऱ्या सुरू झाल्या आहेत, उचल वाटली गेली आहे. मी निवृत्त झाले आहे, पण येत्या शनिवारी आम्ही चौघीजणी वही घेऊन वरच्या वस्तीवर निघणार आहोत. वहीत पहिला रकाना मुलाच्या नावाचा आहे, दुसरा मागं राहणाऱ्या माणसाचा.

नमस्कार.