दादो आणि ६ ऑक्टोबरची सकाळ

काळा बसाल्ट, अंगावर येणारी चढण आणि माथ्यावर सीरियाचे बंकर. ९ जून १९६७. पुढे बुलडोझर, मागे रणगाडे, अशी इस्रायली फौज सीरियाच्या गोलान पठाराच्या या उतारांवर चढली. उत्तर कमांडचे प्रमुख होते डेव्हिड एलाझार. सैन्यात सगळे त्यांना दादो म्हणत. दोन दिवसांत पठार हाती आलं. तिथल्या सीरियन गावांतली बहुतेक माणसं परागंदा झाली.

दादोंचा जन्म १९२५चा, सारायेव्होतला. युरोपात युद्ध पेटलेलं असताना, १९४० साली मुलांच्या एका जथ्याबरोबर ते पॅलेस्टाइनला आले. किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत राहिले, मग पालमाख या ज्यू लढाऊ दलात शिरले. १९४८ साली जेरुसलेममधल्या सान सिमोन मठासाठी झालेल्या झुंजीत ते होते. पुढे पायदळ सोडून ते रणगाड्यांकडे वळले आणि १ जानेवारी १९७२ला लष्करप्रमुख झाले.

१९७३च्या वसंतात गुप्तचर प्रमुख एली झैरा म्हणत होते, युद्ध होणार नाही. दादोंना ते पटलं नाही, त्यांनी फौज सज्ज ठेवली. युद्ध झालं नाही. उलट खर्चावरून कुरकुर झाली. शरदात झैरांनी तेच सांगितलं आणि या वेळी दादोंनी ते मानलं.

६ ऑक्टोबर, योम किप्पूर, ज्यूंचा सर्वांत पवित्र दिवस. पहाटे साडेचारच्या सुमारास फोन वाजला: इजिप्त आणि सीरियाचा हल्ला आजच. दादोंनी दोन गोष्टी मागितल्या. विमानांनी आधी आपण घाव घालायचा आणि राखीव सैनिक सगळेच्या सगळे बोलवायचे. संरक्षणमंत्री मोशे दायान यांच्या मते दोन डिव्हिजन पुरे होत्या. वाद पंतप्रधान गोल्डा मायर यांच्यापुढे गेला. पहिला वार आपण केला तर अमेरिका मदत करणार नाही, म्हणून हवाई हल्ला नाही. पण सैनिक मात्र दायान म्हणत होते त्याहून कितीतरी जास्त बोलवा, असा त्यांनी निकाल दिला. तोवर नऊ वाजून गेले होते. अंदाज होता संध्याकाळचा. तोफा दुपारी दोनला सुरू झाल्या.

हे पाण्याचे झोत पाहा. इजिप्तचे सैनिक पंपांनी सुएझकाठचा वाळूचा प्रचंड बांध धुऊन काढतायत. आठ तारखेला सिनाईतला प्रतिहल्ला फसला. त्याच संध्याकाळी दादो पत्रकारांना सांगत होते, शत्रूची हाडं मोडू. ते वाक्य त्यांना कायमचं चिकटलं. आठवडाभराने मात्र, १५ तारखेच्या रात्री, त्यांच्याच फौजेने कालवा ओलांडला आणि युद्धबंदीच्या वेळी ती कैरोपासून १०१ किलोमीटरवर होती.

इस्रायलचे अडीच हजारांहून अधिक सैनिक मेले, इजिप्त-सीरियाचे त्याच्या कित्येक पट.

१ एप्रिल १९७४. युद्धातल्या चुकांची चौकशी करणाऱ्या अग्रानात आयोगाने दादोंना हटवण्याची शिफारस केली. झैराही गेले. मंत्र्यांची राजकीय जबाबदारी ठरवणं आपलं काम नाही, असं म्हणत आयोगाने दायान यांना सोडलं. कायद्याने ते बरोबरही असेल. पण ६ ऑक्टोबरच्या सकाळी जास्त सैनिक मागणारा घरी गेला आणि कमी पुरे म्हणणारा खुर्चीत राहिला. दादोंनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. १९७६च्या एप्रिलमध्ये पोहताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ५०. अहवालाचा बहुतेक भाग तेव्हाही गुप्तच होता.