उडालेला पारा कुठे जातो?

सोनाराच्या कारखान्यातली झाडलोट कधी फेकली जात नाही. तिच्यातले सोन्याचे बारीक कण पाऱ्यात धरायचे, तो गोळा मुशीत तापवायचा आणि पारा उडाला की मागे उरलेले सोने काढून घ्यायचे, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. उडालेला पारा भट्टीजवळ बसलेल्याच्या श्वासात जातो. खरे तर त्याची वाफ व्हायला भट्टीही लागत नाही. 20 अंश सेल्सिअसवरून तापमान 40 अंशांवर गेले की पाऱ्याचा बाष्पदाब सुमारे पाचपट होतो, आणि जळगाव-भुसावळकडच्या वैशाखात 40 अंशांचे कुणाला अप्रूप नसते.

श्वासावाटे आत गेलेल्या वाफेतला सुमारे 80 टक्के पारा रक्तात उतरतो. त्याच्या अणूंवर विद्युतभार नसतो आणि तो स्निग्धांशात विरघळतो, त्यामुळे पेशींची आवरणे त्याला अडवीत नाहीत. तांबड्या पेशींतले कॅटालेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साह्याने पाऱ्याच्या अणूमधून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते. असा भारित पारा मेंदूत सहजी शिरत नाही, तो मुख्यतः मूत्रपिंडांत साठतो. मात्र फुफ्फुसातून मेंदूपर्यंत पोहोचायला रक्ताला काही सेकंदच लागतात, आणि तेवढ्यात कॅटालेजच्या हातून निसटलेला पारा मेंदूत जातो. तिथेही कॅटालेज आहेच. ते पाऱ्याला तिथल्या तिथे भारित करते आणि त्याची परतीची वाट जवळजवळ बंद होते.

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर येणारा फेस याच विकराची करणी असतो. 1940 च्या दशकात जपानमधले कान-नाक-घसा शल्यविशारद शिगेओ ताकाहारा यांना एका मुलीच्या जखमेवर फेस दिसला नाही, उलट रक्त काळपट पडले. तिच्या रक्तात कॅटालेज जवळजवळ नव्हतेच. अशीच उणीव असलेल्या उंदरांना पाऱ्याची वाफ दिली, तेव्हा रक्ताच्या मानाने त्यांच्या मेंदूत पारा अधिक आढळला.

मद्यही कॅटालेजच्या या कामात आडवे येते. दारू प्यायलेल्या माणसाच्या रक्तात पारा कमी टिकतो आणि उच्छ्वासातून अधिक बाहेर पडतो. यावरून दारू हा पाऱ्यावरचा उतारा ठरवणे धोक्याचे आहे, कारण भारित न झालेला पाराच मेंदूकडे मोकळा जातो. रक्तातला आकडा कमी आला एवढ्यावरून कारागिराला निर्धास्त करता येत नाही. वर्षानुवर्षांच्या संपर्काचा अंदाज घेण्यासाठी लघवीतला पारा मोजतात.