ॲप नको, मालिका निवडा
(परभणी येथील व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

संयोजकांनी श्रोत्यांकडून आधीच चिठ्ठ्या मागवून ठेवल्या होत्या. त्यातल्या बहुतेकांत दोनच प्रश्न आहेत. मालिका दाखवणाऱ्या इतक्या ॲपांपैकी कोणतं घ्यावं? आणि बघण्याजोगं काय आहे? एका चिठ्ठीत नुसतं लिहिलंय, ‘सर, काहीतरी चांगलं सांगा, पोरगं रात्र रात्र जागायलंय.’ त्या पोराचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. बाकी दोन प्रश्नांपैकी मी दुसरा आधी घेतो, कारण त्याचं उत्तर मिळालं की पहिला फारसा उरत नाही. ॲप निवडत बसू नका, मालिका निवडा. ती जिथं असेल तिथं महिनाभर जा, आणि बघून झाली की बाहेर पडा.

असं का म्हणतो, त्यासाठी या धंद्याचं काय चाललंय ते आधी बघू.

आपल्याकडं हे सगळं २०१६ साली आलं. हॉटस्टार वर्षभर आधीच सुरू झालं होतं. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरात जिओ आलं, डिसेंबरात प्राइम व्हिडिओ. यात खरा फरक कुणी पाडला असेल तर जिओनं. महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरणारे आपण, दिवसाला एक जीबी उडवायला लागलो. हॉलमधला टीव्ही आईच्या मालिकेकडं राहिला, मोबाईल पोरांकडं गेला, आणि एका घरात दोन वेगळे प्रेक्षक तयार झाले.

सुरुवातीची काही वर्षं या कंपन्यांनी पैसा पाण्यासारखा ओतला. ग्राहक वाढवायचे, नफ्याचं नंतर बघू, असा हिशेब होता. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे जगभरातले दोन लाख ग्राहक कमी झाले आणि सगळ्यांचे डोळे उघडले. त्यानंतर काय झालं? शेजाऱ्याचा पासवर्ड वापरणं नेटफ्लिक्सनं बंद केलं, आपल्याकडं २०२३ च्या जुलैत. जाहिराती आल्या. प्राइमनं जून २०२५ पासून भारतात जाहिराती दाखवायला सुरुवात केली, आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वरून मागितले. म्हणजे आधी पैसे भरून बघा, मग जाहिरात बघा, मग जाहिरात न बघण्याचे पैसे भरा. २०२३ ची आयपीएल जिओ सिनेमानं फुकट दाखवली. पुढं जिओ सिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओ हॉटस्टार झालं. त्याच वर्षी जुलैत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ परत सुरू झाली, टीव्हीवर आणि जिओ हॉटस्टारवर, दोन्हीकडं. केबलवाल्याला निरोप दिला होता. तो पुढच्या दारानं आत येऊन बसलाय.

माझा अंदाज असा, की पुढच्या काही वर्षांत हे आणखी टीव्हीसारखं होत जाणार. तीन-चार मोठी दुकानं उरतील, मोबाईलच्या रिचार्जसोबत ती गळ्यात पडतील, आणि क्रिकेट हे गिऱ्हाईक ओढायचं त्यांचं मुख्य साधन राहील. दुसऱ्या टोकाला उभ्या पडद्याच्या मालिका वाढतील. दीड-दोन मिनिटांचा एक भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी थोबाडीत किंवा रहस्य, आणि पुढचं बघायला पैसे. हा प्रकार चीनमध्ये फोफावला आणि आता आपल्या फोनमध्येही शिरलाय. तुमच्यातल्या काहींनी रिक्षात बसून बघितलाही असेल, लाजू नका.

याचा परिणाम लिखाणावर होतो, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रेक्षक एका हातात दुसरा फोन घेऊन बघतो, म्हणून पात्रांनी काय चाललंय ते तोंडानं सांगावं, अशा सूचना मिळतात असं अमेरिकेतल्या पटकथाकारांनी सांगितलंय. आपल्या रोजच्या मालिकांना हे नवीन नाही. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बाईला नुसतं ऐकून कळावं म्हणून आपली नायिका किती वर्षं म्हणतेय, ‘अगंबाई, हे तर दार उघडंच आहे!’ हॉलिवूड आता आपल्या वळणावर आलं.

आणखी एक. ॲपवरचं काहीच तुमचं नसतं. ३१ मार्च २०२३ नंतर एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या सगळ्या मालिका हॉटस्टारवरून एका रात्रीत गेल्या. वर्षाचे पैसे आगाऊ भरून ‘गेम ऑफ थ्रोन्स’ अर्ध्यात असलेल्या लोकांनी काय करायचं? काही आठवड्यांनी त्या मालिका जिओ सिनेमावर उगवल्या. कंपन्यांचे करार बदलले की मालिका बिऱ्हाड हलवतात. म्हणून वर्षाची वर्गणी एकदम भरणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. बघण्याजोगं ओळखायचं कसं?

आपल्याकडं गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस कीर्तनं असतात, रोज वेगळा महाराज, कधी रंगतं, कधी नाही. पण पहिल्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक असतं की शेवटी काल्याचं कीर्तन आहे आणि महाप्रसाद आहे. काला झाल्यावर मंडप तसाच ठेवून ‘लोकांना आवडायलंय, अजून चालू द्या’ असं कुणी म्हणत नाही. मालिकेकडून मी एवढंच मागतो. लिहिणाऱ्याला काल्याचा दिवस ठाऊक असला पाहिजे.

हे काही परदेशातून शिकायची गरज नव्हती. दूरदर्शन मालिकांना तेरा-तेरा भागांची मंजुरी द्यायचं, त्यामुळं लिहिणाऱ्याला आवरतं घ्यावंच लागे. गोविंद निहलानींची ‘तमस’ १९८८ साली आली, फाळणीवरची, मोजक्या भागांची. आज बघा, एक प्रसंग काढून टाकता येत नाही. २००० नंतर रोजच्या मालिकांचं राज्य आलं, मोजमाप आठवड्याच्या टीआरपीचं झालं, आणि शेवट ही गोष्टच उरली नाही. लोक कंटाळले की मालिका बंद होते. संपत कधीच नाही.

या कसोटीवर काही नावं सांगतो. सगळी नाही, मला ज्यांच्याबद्दल बोलावंसं वाटतं तेवढीच.

घराजवळचंच आधी. ‘मानवत मर्डर्स’. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली, आठ भाग, मराठीत. मानवत इथून किती लांब आहे ते परभणीकरांना सांगायची गरज नाही. १९७२ ते १९७४ या काळात तिथं बायका आणि लहान मुली यांचे एकामागून एक खून झाले, गुप्तधनाच्या लोभातून आणि अंधश्रद्धेतून. या सभागृहात सत्तरी ओलांडलेले जे आहेत, त्यांना ते दिवस आठवत असतील. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले, १९६८ मध्ये मुंबईतल्या रमण राघव या खुन्याच्या तपासामुळं गाजलेले तेच अधिकारी. मालिका त्यांच्या आठवणींच्या पुस्तकावर बेतलेली आहे. आशिष बेंडे यांचं दिग्दर्शन. आशुतोष गोवारीकरांनी कुलकर्णी साकारलेत, कुठंही आवाज न चढवता. सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी आहेत, आणि ज्यांना आपण हसवणारा माणूस म्हणून ओळखतो ते आपल्याच मराठवाड्याचे मकरंद अनासपुरे. या माणसाच्या चेहऱ्याची भीती वाटू शकते हे मला पहिल्यांदा कळलं. याच प्रकरणावर अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये ‘आक्रित’ हा सिनेमा केला होता. मालिकेनंतर तोही मिळवून बघा.

मालिका जरूर बघा, पण माझी एक कुरकुर आहे. मूळ पुस्तक मुंबईच्या अधिकाऱ्याचं, त्यामुळं मानवत आपल्याला जीपमधून उतरणाऱ्या माणसाच्या नजरेनं दिसतं. तो काळ बहात्तरच्या दुष्काळाचा होता. लोक सरकारी मदतीची सुकडी खाऊन दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, विहिरी कोरड्या, जनावरं बाजारात. अशा वेळी जमिनीत पुरलेल्या हंड्याची गोष्ट माणसाला खरी का वाटायला लागते, हा प्रश्न मला त्या खुनांइतकाच मोठा वाटतो. तो गावातूनच विचारावा लागेल. गाव कथेच्या आत असणं आणि मागं पडद्यावर रंगवलेलं असणं, यात मोठं अंतर असतं.

ते आत कसं येतं हे बघायचं असेल तर नेटफ्लिक्सवर ‘कोहरा’ बघा, २०२३ ची, पहिला हंगाम सहा भागांचा. परदेशातून लग्नाला आलेल्या पोराचा पंजाबात खून होतो. तपास करणारे पोलीस तिथलेच, त्यांच्या घरातले कज्जेही तिथलेच, आणि बरीचशी मालिका सरळ पंजाबीत आहे. लोक खालची अक्षरं वाचून बघतात आणि कुणाचं काही अडत नाही. आपल्याकडं मात्र पडद्यावर गावाकडचा माणूस म्हटलं की तो कोल्हापूर-साताऱ्याच्या वळणानंच बोलतो. आपल्या मराठवाड्यासारखं ‘काय करायलास’ म्हणणारा नायक मी अजून शोधतोय.

‘पंचायत’ तुम्ही सगळ्यांनीच बघितली असणार. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या फुलेरा या काल्पनिक गावाची आणि चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यातलं. प्रधान बाई, पण खुर्चीवर नवरा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत बायकांना निम्मं आरक्षण आहे, आणि तरी सरपंचपती कुणाला म्हणतात ते इथं समजावून सांगावं लागत नाही. पहिले दोन हंगाम झकास. पुढं ती निवडणुकीच्या भांडणात अडकली. तिला काल्याचा दिवस सापडेनासा झालाय असं वाटतं.

‘कोटा फॅक्टरी’ लातूरच्या पालकांनी बघावी, पोरांसोबत बसून. २०१९ मध्ये ती यूट्यूबवर फुकट आली, पुढचे हंगाम नेटफ्लिक्सवर गेले. अख्खी कृष्णधवल. राजस्थानातल्या कोटा या कोचिंग क्लासच्या गावातलं पोरांचं आयुष्य तिनं बऱ्याच प्रामाणिकपणे दाखवलंय, मास्तरला थोडं देवपण दिलंय ते सोडून. परीक्षेच्या तयारीचा लातूर पॅटर्न इतकी वर्षं चालू आहे, पेइंग गेस्ट, मेस आणि क्लास यांवर तिथले अख्खे रस्ते जगतात, आणि त्यावर मराठीत अशी मालिका नाही.

बाकी भराभर सांगतो. ‘स्कॅम १९९२’, हंसल मेहतांची, दहा भाग. शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल. ‘दिल्ली क्राइम’चा पहिला हंगाम, त्याला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. परदेशी हवं असेल तर ‘चेर्नोबिल’, अणुभट्टीच्या स्फोटावरची, पाचच भाग. वरिष्ठांना वाईट बातमी कळवायची नाही ही सवय किती जीव घेते ते त्यात आहे, सरकारी नोकरीतल्यांनी विशेष बघावं. ‘ॲडोलेसन्स’, मार्च २०२५ ची, चार भाग, आणि प्रत्येक भाग कॅमेरा एकदाही न थांबवता चित्रित केलेला. तेरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप आहे. ज्या कुणी ती रात्री जागणाऱ्या पोराची चिठ्ठी पाठवली, त्यांनी ही पोरासोबत बघावी. आणि वेळ असेल तर ‘द वायर’, पाच हंगाम. ती लिहिणारा डेव्हिड सायमन अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात कित्येक वर्षं गुन्हे वार्ताहर होता, ते ओळीओळीत दिसतं. सुरुवातीला जड जाते. चौथ्या भागापर्यंत दम धरा.

मराठीचं काय, असं पुढं कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच बोलतो. मोठ्या ॲपांवर मराठी मालिका थोड्या आहेत. त्यांचा हिशेब सरळ आहे: मराठी माणूस हिंदी बघतोच, मग वेगळा खर्च कशाला? तामिळ, मल्याळम प्रेक्षकाबाबत त्यांना असं म्हणता येत नाही. मला त्यामुळं मराठीची आशा यूट्यूबवर जास्त वाटते. ‘गावाकडच्या गोष्टी’ किंवा ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ या तिथूनच घराघरात गेल्या, कुणाच्या मंजुरीची वाट न बघता. दोन्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या. आपली का नसावी?

विषय नाही असं तर नाही. बीडचा ऊसतोड मजूर घ्या. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेण्यापासून गोष्ट सुरू होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर निघतात, कारखान्यावर राहायची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहते, पोरांची शाळा सुटते, आणि कारखाना बंद झाला की हिशेब होतो: उचल फिटली की अंगावर राहिली? सहा भागांची मालिका आहे ही, आणि तिचा शेवट गळीत हंगामानंच ठरवून ठेवलाय. या सभागृहात लिहिणारी पोरं-पोरी असतील तर विषय घेऊन जा, मी हक्क मागणार नाही.

आता शेवटचं, खिशातलं. साध्या दर्जाचं चित्र तासाला साधारण एक जीबीपर्यंत खातं, एचडी तीन जीबीपर्यंत. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन दर्जा खाली आणा; मोबाईलच्या पडद्यावर फारसा फरक कळत नाही. कॉलेजचं वायफाय असेल तर तिथं भाग डाउनलोड करून घ्या, अभ्यास सांभाळून. वर्गणी एका महिन्याची घ्या. एक महिना सोनी लिव्ह, त्यात ‘मानवत मर्डर्स’ आणि ‘स्कॅम १९९२’. पुढच्या महिन्यात ते बंद करून नेटफ्लिक्स, मोबाईलपुरतं १४९ रुपयांचं. पैसे भरताना ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापणं, चालू होतं, ते त्याच दिवशी बंद करायचं. रद्द केलं तरी भरलेला महिना पूर्ण बघता येतो. राहून गेलंच, तर पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना येते. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

चिठ्ठ्या अजून बऱ्याच आहेत. चहा घेऊ आणि त्या वाचू.