जवळ्याचे डोळेच तेवढे का दिसतात?

(मालवण येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, जिवंत जवळा तुम्ही पाहिलेला आहे. समुद्राच्या पाण्यात सोडला की अंग दिसेनासं होतं आणि इकडून तिकडे पळणारे काळे ठिपके तेवढे दिसतात. ते त्याचे डोळे. मग बाकीचा जीव गेला कुठे?

तो तिथेच आहे. पण वस्तू नुसती असून भागत नाही. तिच्यावर पडलेला प्रकाश तिनं परतवला, वाकवला, विखुरला किंवा गिळला, तरच ती आपल्याला कळते. यातलं काहीच झालं नाही, तर ती समोर असून नसल्यासारखी.

प्रकाश परततो माध्यम बदलतं तिथे. प्रत्येक पारदर्शक माध्यमाला अपवर्तनांक असतो, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा: हवेचा जवळपास 1, पाण्याचा 1.33, खिडकीच्या काचेचा 1.5 च्या आसपास. या आकड्यांत जितकी तफावत, तितका प्रकाश जास्त परततो. हवेतून काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे 4 टक्के भाग पहिल्याच पृष्ठभागावरून मागे फिरतो. तीच काच पाण्यात बुडवा, हा वाटा अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो.

आता इकडे पाहा. ही बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी. हिचा अपवर्तनांक साधारण 1.47, आणि ग्लिसरीनचाही तेवढाच. नळीत ग्लिसरीन भरतो आणि ती ग्लिसरीनच्याच भांड्यात सोडतो. मागच्यांनी पुढे या, लाजू नका. बुडालेला भाग गेला की नाही? वर राहिलेली कड मात्र अजून चमकतेय.

जवळ्याचंही असंच आहे. त्याच्या पेशींचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळ जातो, प्रकाश फारसा न अडखळता आरपार निघतो. डोळ्यांना मात्र ही सोय नाही. पाहायचं तर आतल्या पडद्यानं प्रकाश शोषायलाच हवा. पूर्ण पारदर्शक डोळा आंधळाच असणार. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते: ज्याला पाहायचं आहे, त्याला थोडं तरी दिसावंच लागतं. तोच जवळा तव्यावर पडला की प्रथिनं गोठतात, त्यांच्या गुठळ्यांवर प्रकाश विखुरतो आणि अंग अपारदर्शक होतं. लाटेचा फेसही असाच. पाणी बिनरंगी, हवा बिनरंगी, पण दोघांमधल्या असंख्य सीमांवरून प्रकाश परतत राहतो आणि फेस पांढरा दिसतो.

बांगड्याची तऱ्हा उलटी. तो प्रकाश आरपार जाऊ देत नाही, परतवतो. त्याच्या चंदेरी कुशीत ग्वानीन नावाच्या द्रव्याचे पातळ स्फटिक थरावर थर रचलेले असतात. ग्वानीनचा अपवर्तनांक 1.8 च्या वर, म्हणून हे थर मिळून उत्तम आरसा होतो. खोल समुद्रात उजेड वरून येतो आणि चारी बाजूंना जवळपास सारखाच असतो. तिथे उभ्या आरशात पलीकडच्यासारखंच पाणी दिसतं आणि बांगडा हरवतो. बाजारात उजेड एका बाजूनं येतो, म्हणून टोपलीत तोच लखलखतो. वरून पाहणाऱ्यासाठी त्याची पाठ आधीच गडद निळी-हिरवी आहे.

आता पाण्याचा पृष्ठभाग. होडीतून वाकून सरळ खाली पाहिलंत, तर आकाशाचा फक्त 2 टक्के उजेड परतून डोळ्यांत येतो, आणि पाणी निवळ असेल तर तळाचं खडप दिसतं. तेच किनाऱ्यावरून तिरकं पाहिलं, लंबापासून 80 अंशांवर, की हा वाटा 35 टक्क्यांच्या आसपास जातो. खडप झाकलं जातं. नवख्या माणसानं इथे होडी घालू नये ती यासाठीच.

ही चकाकी पुसताही येते. लंबापासून सुमारे 53 अंशांवर पाण्यावरून परतलेला प्रकाश पूर्ण ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत होतात. 1921 साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीनं मुंबईला परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असा तेव्हा समज होता. रामन यांनी निकोल लोलकातून, म्हणजे ठराविक दिशेतली कंपनं अडवणाऱ्या स्फटिकातून, या कोनात पाहून ती चकाकी घालवली. निळाई गेली नाही, उलट खुलली. ती पाण्याच्या आतून येत होती.

निकोल लोलक तुमच्याकडे नसेल, पोलरॉइड गॉगल असेल. किल्ल्याच्या होडीत बसाल तेव्हा तो घाला, थोडं पुढच्या पाण्याकडे पाहा आणि मान हळूहळू एका खांद्याकडे कलती करा. चकाकी परत येताना दिसेल. मान सरळ केली की पुन्हा जाईल.