छत्तीस तासांचं शहर

नमस्कार श्रोतेहो.

मी वैमानिक आहे असं कळलं की लोक आधी भीतीचं विचारतात. वादळात विमान हलायला लागलं की काय वाटतं, वगैरे. दुसरा प्रश्न जरा हेव्याने येतो : "मग तिकडे उतरल्यावर काय करता? मजाच असेल!" आज त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलोय.

आमच्यात याला लेओव्हर म्हणतात. एक उड्डाण संपलं आणि परतीचं अजून सुरू व्हायचंय, यामधला परक्या शहरातला मुक्काम. अमेरिका आणि युरोप, दोन्हीकडचे नियम सांगतात की अशा मुक्कामात क्रूला निदान १० तास विश्रांती मिळाली पाहिजे आणि त्यात ८ तास झोपेची संधी असली पाहिजे. 'संधी' हा शब्द ज्याने घातला तो मोठा हुशार माणूस. झोप लागेल की नाही, ते तुमचं तुम्ही बघा! असो. दहा-बारा तासांच्या मुक्कामात आंघोळ, जेवण आणि झोप, एवढंच होतं. मी बोलतोय ते तीस-चाळीस तासांच्या लांब मुक्कामाबद्दल.

खोलीत शिरलो की बॅग टाकायची आणि कपाटातला पँट अडकवायचा हँगर बाहेर काढायचा, चिमटेवाला. हॉटेलचे पडदे कितीही जाड असले तरी मधोमध एक फट राहतेच, आणि तिच्यातून येणारा उन्हाचा पट्टा बरोबर उशीवर पडतो, जणू कुणी मोजून ठेवलाय. ते दोन पडदे हँगरच्या चिमट्यांनी एकमेकांना जोडायचे. टीव्हीच्या लाल दिव्यावर हातरुमाल टाकायचा. खोलीचा नंबर कागदावर लिहून फोनखाली ठेवायचा. हसू नका. आधीच्या शहरातल्या खोलीचा नंबर डोक्यात ठेवून भलत्याच दाराला कार्ड लावत उभा राहिलेला मी एकटाच नाही.

भर दुपारी एवढा काळोख कशासाठी, तर पोटातल्या घड्याळासाठी. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक रोप अंधारात ठेवलं. ते लाजाळूचं असावं असं मानतात. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत होती आणि रात्री मिटत होती. आपलंही तसंच आहे. पेशींमध्ये हे घड्याळ कसं चालतं, ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ते घड्याळ सरकवता येतं ते फार सावकाश, ढोबळमानाने दिवसाला तासभर. आणि माणसाचं मूळ घड्याळ २४ तासांहून किंचित लांब असल्यामुळे पश्चिमेला जाणं त्यातल्या त्यात सोपं आणि पूर्वेला जाणं जड जातं. विली पोस्ट नावाचा वैमानिक १९३१ साली आपल्या वाट दाखवणाऱ्या साथीदारासोबत ८ दिवस आणि १५ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. निघण्याआधी कितीतरी दिवस त्याने मुद्दाम वेळी-अवेळी झोपायची सवय केली होती.

तर छत्तीस तासांच्या मुक्कामात त्या शहराच्या वेळेशी जुळवून घ्यायला जाणं म्हणजे पाहुण्याने चार दिवसांसाठी घराला रंग देण्यासारखं. तुमचं घड्याळ जरा वळायला लागतं न लागतं, तोच परतीचं विमान. म्हणून मी घरच्या वेळेवरच राहतो. मनगटावर एक घड्याळ घरचं, दुसरं यूटीसीचं, म्हणजे जगभरच्या विमानांच्या सामाईक वेळेचं. शहराचं घड्याळ शहराने बघावं.

काय करायचं, ते सगळं यावर ठरतं. पर्यटकांसाठी केलेल्या याद्या आम्हाला निरुपयोगी. पश्चिमेला गेलं की पहाटे तीनला टक्क जाग येते आणि दुपारी दोनला बसल्या जागी मान पडते. यादीतल्या सगळ्या गोष्टी उघडतात तेव्हा आमची मध्यरात्र जवळ आलेली असते.

मागे एक नवा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, माझ्याबरोबर होता. विमानातच त्याने मला चौदा ठिकाणांची यादी दाखवली.

"सर, खाली किती वाजता भेटू या?"

"मी झोपणार आहे. तूही झोप."

"सर, इतक्या लांब येऊन झोपायचं?"

गेला. चौथं ठिकाण नदीतल्या बोटीचं होतं. बोटीत तो असा झोपला की तीन फेऱ्या झाल्या तरी त्याला पत्ता नाही. शेवटी नावाड्याने उठवलं. खरी गंमत परतीच्या रात्री झाली. घरच्या घड्याळाने रात्री दोन ते सहा हा काळ शरीराची सगळ्यात खालची पातळी, नियमांतही त्याची वेगळी नोंद असते. तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्या चौदा ठिकाणांबद्दल मी त्याला काही विचारलं नाही.

मग करायचं काय? तीनला जाग आली की आधी घरी फोन. इथे काळोख असतो आणि तिकडे मुलीची शाळा सुटलेली असते. तिचा अर्धा भागाकार मी हॉटेलांच्या पलंगांवर बसून शिकवलाय, बाकी किती उरली ते तिने सांगायचं आणि मी कागदावर ताडून बघायचं. त्यानंतर बूट घालायचे आणि बाहेर पडायचं. परवानगी असेल तिथे आणि रस्ते सुरक्षित असतील तर, हे वेगळं सांगायला नको. ते आधी रिसेप्शनवर विचारून घ्यायचं.

पहाटेचं शहर कुणासाठी नटलेलं नसतं. सिग्नल रिकाम्या रस्त्याला इमानेइतबारे थांबवत असतात. घाऊक बाजारात टेम्पो मागे घेताना कुणीतरी हाताने फळीवर थापा मारत असतं. वर्तमानपत्रांचे गठ्ठे बंद दुकानाच्या पायरीवर पडलेले. पहिली ट्राम किंवा पहिली बस धरायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि तिथून पायी परत यायचं. पोस्टकार्डावर शहराचा मधला भाग असतो. माणसं राहतात ती शेवटच्या थांब्याकडे. दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे बघितले तरी तिथल्या हवेचा अंदाज येतो. हवेचा अंदाज घेणं ही धंद्यातली खोड, ती सुटत नाही.

मात्र सगळ्यात मोठी चैन वेगळीच आहे. पर्यटक एखाद्या शहरात आयुष्यात एकदा जातो, म्हणून त्याला सगळं बघावं लागतं. आम्ही परत येतो. या महिन्यात, मग चार महिन्यांनी, मग पुढच्या वर्षी. त्यामुळे एका फेरीला एकच गोष्ट पुरते. एका शहरातलं वस्तुसंग्रहालय मी असंच बघत आलोय, दर मुक्कामाला एक दालन. सकाळी दार उघडलं की शिरायचं आणि डोळे जड व्हायच्या आत बाहेर. एका दालनात मातीची भांडीच भांडी होती. एका घड्याच्या आत, काठाच्या जरा खाली, कुंभाराच्या बोटांचा ठसा होता, तिरपा, घाईत उमटलेला. पाऊण तास मी त्या एका घड्याशी होतो. चौदा ठिकाणं करणाऱ्याला तो दिसला नसता. तिथला पहारेकरी आता मान हलवून ओळख देतो. त्याला वाटत असावं, हा गावातलाच कुणी रिकामा माणूस आहे.

काही गोष्टी मात्र वर्ज्य. समुद्रात टाकी लावून बुडी मारायची असेल तर पुढच्या उड्डाणाच्या आधी किमान एक पूर्ण दिवस सोडावा. पाण्याखालच्या दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन लगेच बाहेर पडत नाही, आणि विमानातला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा विरळ असतो. मग तोच वायू बुडबुडे होऊन सांध्यांत त्रास देतो. दारूबाबत अमेरिकेचा नियम ८ तासांचा, काही देशांत १२ तासांचा. मी पुढे लांबचं उड्डाण असलं की वाटेला जात नाही. भाड्याची सायकल, बर्फावर घसरणं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण तुमचा घोटा मुरगळला तर पलीकडे तीनशे माणसं बॅगा घेऊन बसलेली असतात.

क्रूमध्ये एक जमात असते, तिला स्लॅम-क्लिकर म्हणतात. खोलीत शिरायचं, दार धाडकन लावायचं, कडी घालायची, आणि थेट पिकअपलाच, म्हणजे विमानतळाची बस न्यायला आली की, दिसायचं. तरुणपणी मी त्यांची टिंगल करायचो. आता निम्मा त्यांच्यातलाच झालोय.

निघण्याआधी एक डुलकी हवीच. नासाचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात लांबच्या उड्डाणावरच्या वैमानिकांना ४० मिनिटांची सवड दिली, ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि पुढे चांगले तल्लख राहिले. कॉफी त्यानंतर. आधी घेतली तर ती चार-सहा तासांनी जेमतेम निम्मी उतरते.

परवाच्याच फेरीला तो बोटीवाला मुलगा पुन्हा माझ्याबरोबर होता. पिकअपच्या बसमध्ये शेजारी येऊन बसला. चेहरा ताजा होता.

"सर, या वेळी काय बघितलंत?"

"सतरावं दालन. नाणी."

"आणि अठराव्यात काय आहे?"

"माहीत नाही रे. दारातून एक मोठी पेटी दिसली, बंद होती. तू काय केलंस?"

"झोपलो, सर. मग ट्रामने शेवटपर्यंत गेलो. तिथे एक म्हातारा कबुतरं उडवत होता, त्याच्याकडे बघत बसलो."

बस निघाली. त्याने खिशातून हॉटेलचा एक हँगर काढला आणि ओशाळून म्हणाला, "चुकून बॅगेत आला, सर. पुढच्या वेळी परत करतो."

नमस्कार.